ती आईकडेच राहिली

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये माझ्या शेजारच्या बोर्डावर बसणारी मैत्रीण बाळंतपणासाठी माहेरी निघाली, तेव्हा तिने पर्समधून वाचनालयाचं कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "चार महिने हे पडून राहील. तू वाच. वेळ नाही म्हणू नकोस, वेळ कोणालाच नसतो."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही जळगावात दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. नवरा धुळ्याला नोकरीला, शनिवारी संध्याकाळच्या बसने यायचा आणि रविवारी परत जायचा. मुलगी तिसरीची परीक्षा देऊन बसलेली, मुलगा पाच वर्षांचा. माझी पाळी सकाळी सातची. त्याआधी नळाचं पाणी भरायचं, दोन्ही वेळची कणीक मळायची, मुलांचं दूध झाकून ठेवायचं. एक्स्चेंजमध्ये दुपारपर्यंत कानाला हेडफोन आणि हातात लाइनी जोडायच्या दोऱ्या. पाचोरा लागला का, चोपडा बोला, लाइन बिझी आहे. लग्नानंतर मी एकही पुस्तक पुरतं वाचलं नव्हतं.

वाचनालय म्हणजे नव्या पेठेतला एक अरुंद गाळा. मी घ्यायची ती पुस्तकं कोणी मोठं साहित्य म्हणून डोक्यावर घेतली नसती. मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली बाई, मागे समुद्र किंवा मोटारगाडी. आत पुण्या-मुंबईतले फ्लॅट, ऑफिसातली प्रेमं, गैरसमज, आणि शेवटच्या दहा पानांत सगळ्यांचं मनासारखं. मला ती फार आवडायची. दुपारी तीनच्या उन्हात, फरशीवर पाणी मारून, खिडकीला ओलं गोणपाट लावून मी आडवी व्हायची आणि कोणा एका बाईच्या फ्रिजमधलं थंड पाणी मला इथे प्यायल्यासारखं वाटायचं.

मुलांना सुट्टी लागली की सांभाळायला सासूबाई यायच्या. त्यांचं गाव पाचोऱ्याजवळ. शेती दीर बघायचे. घरात सगळे त्यांना माय म्हणायचे, मीही. आमच्याकडे त्या दरवर्षी आखाजीच्या आधीच यायच्या. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा सण. गावोगावच्या सासुरवाशिणी माहेरी येतात, लिंबाला झोके बांधतात, घरोघर आमरस आणि पुरणपोळी. त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागरही भरतात. मायला त्या दिवशी गावात थांबायचं नसायचं. का, ते आम्ही कधी बोलत नव्हतो, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

माझी नणंद, नवऱ्याची धाकटी बहीण, नऊ वर्षांपूर्वी गेली होती. धुळ्याच्या पलीकडच्या एका गावात तिला दिलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आखाजीला माहेरी येऊन परत गेली आणि महिन्याभरात निरोप आला. स्टोचा भडका उडाला म्हणाले. पंचनाम्यातही तेच लिहिलं गेलं. वय वीस. तिचा एकही फोटो आमच्या घरात लावलेला नव्हता. तिची घागर भरायची तर ती सासरच्यांनी. माहेरी तिच्यासाठी करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

तर त्या उन्हाळ्यात मी वाचत पडलेली, मुलं झोपलेली, आणि माय भिंतीला टेकून चिंचोके काढत बसलेल्या. एके दिवशी त्यांनी विचारलं, "काय शे त्या पुस्तकमा?"

मायना अक्षरओळख नव्हती. मी म्हटलं, "काही नाही, गोष्ट आहे."

"मंग सांग ना."

मी वाचलेलं तेवढं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुढचं. मग रोजच ठरून गेलं. थोडं वाचून दाखवायचं, थोडं आमच्या बोलीत सांगायचं. माझी अहिराणी शहरातल्या मुलीची, मोडकीतोडकी. माय हसायच्या, पण ऐकताना त्यांचं लक्ष फार बारीक असायचं. नायिका ऑफिसातून येते, गॅलरीत उभी राहते, सूर्यास्त बघते. माय विचारायच्या, "आनि सयपाक कोन करस?" लेखिकेने ते कुठेच सांगितलेलं नसायचं. एका पुस्तकात नायक पावसात भिजत नायिकेच्या दाराशी तीन तास उभा राहतो. माय म्हणाल्या, "त्याले काही कामधंदा नही का?" मला इतकं हसू आलं की मुलं जागी झाली.

अशी पाच-सहा पुस्तकं झाली. मग ते बँकेतल्या मुलीचं आलं.

कथा साधीच. बँकेत नोकरी करणारी एक मुलगी, लग्न होऊन मोठ्या घरात जाते. सासू टोचून बोलणारी, नवरा आईपुढे गप्प. मुलगी हसरी, गाणं गुणगुणणारी, डाव्या हाताने लिहिणारी. ते डाव्या हाताचं वाचलं आणि मायच्या हातातला चिंचोका खाली पडला. त्यांनी तो उचलला नाही. मला नंतर आठवलं. माझी नणंद डावखुरी होती. भाकरी डाव्या हाताने थापायची.

त्या दिवसापासून माय बदलल्या. आधीच्या नायिकांना त्या "ती बाई" म्हणायच्या. हिला "पोर" म्हणू लागल्या. मी एक्स्चेंजमधून आले की पाण्याचा तांब्या देतानाच विचारायच्या, "पोर कशी शे?" पुस्तक माझ्या पिशवीत असायचं, म्हणजे मी वाटेत तिला भेटून आले आहे असं काहीतरी. चारच्या सुमाराला त्या उठून दारात जाऊन उभ्या राहायच्या. रस्ता भाजत असायचा, कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. मी म्हणायची, "माय, ऊन लागेल." त्या म्हणायच्या, "बस येवानी वेळ शे." आमच्या गल्लीत बस येत नव्हती. चारची बस त्यांच्या गावात यायची, धुळ्याकडून.

एकदा मुलाने मला विचारलं, "आई, ती बँकेतली आपल्याकडे कधी येणार? माय म्हणते ती येणारे."

मला भीती वाटली. वाचणं बंद करावं असंही वाटलं. पण खरं सांगायचं तर मलाही तिची सवय झाली होती. वाचताना नायिकेचा आवाज माझ्या डोक्यात नणंदेचा होऊन यायचा. दुपारच्या त्या शांततेत, ओल्या गोणपाटातून येणाऱ्या मंद उजेडात, खोलीत आम्ही दोघीच आहोत असं मला वाटेनासं झालं होतं.

एके दिवशी एक्स्चेंजमध्ये लाइनी पडल्या होत्या, काम थंड होतं. मी बोर्डावर बसूनच पुस्तक संपवून टाकलं. मुलगी सासरचा त्रास सहन न होऊन आईकडे येते. आई तिला जवळ घेते, समजावते, आणि चार दिवसांनी परत पाठवते. नवऱ्याला चूक कळते, सासू आजारी पडते, सून तिची सेवा करते, सासू रडून माफी मागते. शेवटच्या पानावर सगळे मिळून गच्चीत चांदणं बघतात. असल्या पुस्तकांचा असाच शेवट असतो, आणि एरवी मी तो आनंदाने वाचून पुस्तक परत केलं असतं. त्या दिवशी मात्र पुस्तक मिटून मी तसंच मांडीवर ठेवलं. दुपारी हे घरी कसं वाचायचं?

मी दोन दिवस टाळलं. डोकं दुखतंय म्हटलं, कपडे भिजवलेत म्हटलं. तिसऱ्या दिवशी मायच पुस्तक घेऊन माझ्याजवळ बसल्या. उलटं धरलं होतं.

"वाच," म्हणाल्या.

मुलगा झोपला होता. मुलगी माझ्या पाठीशी पालथी पडून चित्रं रंगवत होती. मी वाचू लागले. बँकेतली मुलगी आईच्या दाराशी येते, हातात एकच बॅग. आई चहा करते. रात्रभर दोघी बोलतात. सकाळी मुलगी म्हणते, आई, मला परत जायचं नाही. आणि आई म्हणते...

मायनी पानावर हात ठेवला. पुढचं दिसू नये असा, सगळी बोटं पसरून.

"तिनी माय तिले धाडी का?" त्यांनी विचारलं. पाठवेल का.



"ती बी अशीच म्हने," माय म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "आखाजीना दुसरा दिन. चुल्हापाशी बसेल व्हती. म्हने, माय, माले धाडू नको. मी म्हनं, असं नही करतंस बाई. चार दिनमा बठ्ठं नीट व्हई जाई. लोक काय म्हनतीन. तिना डोकाले तेल लावं, येनी घाली दिधी, आनि धाडी दिधं." मग म्हणाल्या, "कोनले सांगं नही तिनी. फक्त माले सांगं."

मी त्यांचा हात पानावर तसाच राहू दिला. कारण त्यांचं ते शेवटचं वाक्य खरं नव्हतं, आणि ते फक्त मला माहीत होतं.

त्या आखाजीला माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. नणंद आणि मी एकाच झोक्यावर बसलो होतो. बाकीच्या पोरी दुसऱ्या झाडाकडे गेल्या तेव्हा तिने पायाने झोका थांबवला, पोलक्याची बाही वर करून दंड दाखवला आणि म्हणाली, "वहिनी, मायला तुम्ही सांगा ना. मी सांगितलं तर ती ऐकणार नाही. तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं ऐकेल." मी हो म्हटलं. संध्याकाळी सांगेन म्हटलं. संध्याकाळी घरात पाहुणे होते. सकाळी वाटलं, मी या घरात नवी, यांच्या लेकीच्या संसारात मी कशाला तोंड घालू. मग ती निघालीच. निघताना तिने मला काही विचारलं नाही, नुसतं बघितलं. मी तिची पिशवी बाहेर आणून दिली.

हे मी त्या दुपारी मायना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. मी त्यांचा हात हळूच बाजूला केला आणि वाचू लागले. "आणि आई म्हणाली, नको जाऊ. हे घर तुझंच आहे. मी बघते कोण तुला न्यायला येतं ते."

मी थांबले नाही. थांबले असते तर पुढे बोलताच आलं नसतं. मुलीने बॅग उघडली, कपडे आईच्या कपाटात लावले. सासरहून माणसं आली, आई दारात आडवी उभी राहिली. मुलगी सोमवारी बँकेत गेली. मी ओळींवरून बोट फिरवत होते, पान उलटत होते, आणि पानावर जे छापलेलं होतं त्यातलं एक अक्षरही माझ्या तोंडात नव्हतं.

पाठीमागून माझी मुलगी उठून बसली. माझ्या खांद्यावरून वाकून तिने पान बघितलं. म्हणाली, "आई, असं नाही लिहिलेलं. इथे लिहिलंय की ती टांग्यात बसली."

खोलीत माशी घोंगावत होती तेवढाच आवाज. मायनी नातीकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आश्चर्यही नव्हतं. मुलीला म्हणाल्या, "तुनी मायले वाचू दे." आणि मला म्हणाल्या, "मंग पुढे काय व्हयनं?"

मी पुढे वाचलं.

त्या आठवड्याच्या रविवारी नवरा घरी होता. पाणी प्यायला म्हणून आत आला आणि उंबऱ्यात उभा राहून ऐकू लागला. मी आता पुस्तक नुसतं मांडीवर धरून सांगत होते. मुलगी आईकडेच राहते, बँकेत तिला बढती मिळते, आईसाठी ती पंखा घेते. नवऱ्याने तांब्या खाली ठेवला आणि चपला घालून बाहेर निघून गेला. जेवायला आला नाही. संध्याकाळी मी त्याला सोडायला बसस्टँडवर गेले. धुळ्याची गाडी लागायला वेळ होता. बाकावर बसल्यावर तो म्हणाला, "तिला पोचवायला मीच गेलो होतो."

हे मला माहीत होतं. भावाने बहिणीला सासरी नेऊन घालायची रीतच आहे. पण त्या प्रवासाबद्दल तो नऊ वर्षांत बोलला नव्हता.

"पारोळ्याला गाडी थांबली," तो म्हणाला. "मी तिला उसाचा रस आणून दिला. तिने ग्लास हातात धरून ठेवला. कंडक्टरने घंटी मारली तरी प्यायली नाही. मी ओरडलो, पी की लवकर. तशी एका दमात प्यायली. मग फाट्यावर उतरलो. म्हणाली, दादा, तू इथूनच जा, तुला परतीची गाडी मिळणार नाही. मी जाईन चालत. आणि मी गेलो. मला खरंच गाडी चुकायची भीती होती."

गाडी लागली. तो चढला. खिडकीतून म्हणाला, "मायला जे सांगतेस ते सांगत राहा." त्यालाही मी झोक्याचं सांगितलं नाही.

जून लागला, शाळेची पुस्तकं आली, मी कादंबरी वाचनालयात परत केली. माय गावी निघाल्या. पिशवी भरताना म्हणाल्या, "ती सुखी शे ना?" मी म्हटलं, "आहे माय." बँकेतली मुलगी त्यानंतर कुठल्याच पुस्तकात नव्हती, पण दर उन्हाळ्यात माय आल्या की तिची चौकशी करायच्या आणि मी सांगायची. तिने पाचोऱ्याच्या शाखेत बदली मागून घेतली. तिने एक म्हैस घेतली, असं मी एकदा म्हणाले, कारण मायना नोकरीपेक्षा त्यात जास्त समाधान असणार हे मला कळत होतं. एका वर्षी त्यांनी विचारलं, "दुसरं लगीन करं का तिनी?" मी विचारलं, "करू दे का?" त्या म्हणाल्या, "नको. राहू दे मायजोडे."

आम्हा दोघींनाही सगळं माहीत होतं. त्या भाबड्या नव्हत्या आणि त्यांना भ्रमही झाला नव्हता. पण कधीकधी सांगता सांगता माझ्याच अंगावर काटा यायचा. तिचे केस पांढरे व्हायला लागले असं मी एकदा बोलून गेले. वीस वर्षांच्या पोरीचे केस मी पांढरे केले होते.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत माय आजारी पडल्या आणि आमच्याकडेच राहिल्या. तोपर्यंत आमची मुलगी कॉलेजला जाऊ लागली होती. एका दुपारी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. मी काही ठरवलेलं नव्हतं. एकदम तोंडून निघालं, "माय, तिने मलाही सांगितलं होतं. झोक्यावर. तुम्हाला सांग म्हणाली होती. मी सांगितलं नाही."

त्या डोळे मिटून पडल्या होत्या. तशाच म्हणाल्या, "माले माहीत शे. ती म्हने, वहिनीले विचार."

माझे हात थांबले. म्हणजे इतकी वर्षं त्यांना माहीत होतं. त्यांनी मला विचारलं नव्हतं. ती निघाली त्या दिवशीही नाही, आणि नंतरही नाही. उलट "फक्त माले सांगं" असं त्या पुस्तकावर हात ठेवून मला म्हणाल्या होत्या.

"तू नवी व्हती," माय म्हणाल्या. "मी नवी नव्हती."

एवढंच. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने दुसरा पाय पुढे केला. मी तेल लावलं.

पावसाळ्यात त्या गेल्या. दिवसपाणी आटोपल्यावर मी नवऱ्याला झोक्याचं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या रविवारी सकाळी म्हणाला, "चल, जाऊन येऊ." कुठे ते विचारावं लागलं नाही. आम्ही धुळ्याला गाडी बदलली, त्या फाट्यावर उतरलो आणि चालत निघालो. फाट्यापासून गाव बरंच लांब होतं. वाटेत तो एकदाच बोलला, "इतकं लांब असेल असं वाटलं नव्हतं."

याआधी तो गाडीतूनच आला होता, पण घर त्याला आठवत होतं. तिच्या सासरची माणसं कधीच सुरतेकडे निघून गेली होती, घर विकलेलं होतं. दाराला नवा निळा रंग दिला होता. ओट्यावर एक तरणी बाई लसूण सोलत बसली होती, शेजारी पाळण्यात मूल. आम्हाला उन्हात उभं बघून तिने आतून पाणी आणून दिलं. तिच्यामागे स्वयंपाकघराचं दार उघडं होतं. भिंत नुकतीच सारवलेली होती, स्वच्छ. आम्ही दोघांनी तिकडे बघितलं आणि दोघांनीही नजर वळवली.

"कोनाकडे उनात, भाऊ?" तिने विचारलं. कोणाकडे आलात.

नवऱ्याने पेला परत दिला. "कोणाकडे नाही," तो म्हणाला. "वाट चुकलो."

तिने हात करून फाट्याची वाट दाखवली. आम्ही त्या वाटेने परत निघालो.